लॅपटॉप टिकटिक करतोय, फॉरमॅट मारू का?

प्रश्न: नमस्कार. मी गुहागर तालुक्यात राहते. आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे आणि थोडीफार आंब्याची बाग. लॅपटॉप २०१८ साली घेतलेला, एक टीबीची हार्ड डिस्क, चार जीबी रॅम, विंडोज १०. गेल्या पावसाळ्यापासून तो मधेच अडकतो. बाण हलतो, पण काही उघडत नाही. मग कधी निळी स्क्रीन येते, कधी नुसताच थिजून राहतो. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं घेतो. बुकिंगची एक्सेल आणि मेल चालतात, पण जुन्या फोटोंचं फोल्डर उघडलं की हमखास अडकतो. रात्री सगळं शांत असलं की आतून टिक... टिक... टिक असा आवाज येतो. तालुक्याच्या दुकानात दाखवला. ते म्हणाले, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू, ८०० रुपये. पुतण्या म्हणतो चेकडिस्क चालव. दीर म्हणतात रॅम कमी आहे. माझे सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. शिमग्यात ते नमनात गायचे. त्यांच्या आवाजातला गण आणि गवळणी फक्त याच लॅपटॉपवर आहेत. काय करू?

उत्तर: ताई, लॅपटॉप आत्ता चालू आहे का? असेल तर बंद करा आणि पुढचं मोबाईलवर वाचा. नेहमीसारखा शट डाऊन करा. दहा मिनिटं झाली तरी अडकूनच राहिला तर पॉवरचं बटण दाबून धरा. आणि उद्या सकाळी ‘बघू तर, चालतोय का’ म्हणून परत लावू नका. त्या डिस्कचे किती तास उरलेत हे कोणीच सांगू शकत नाही. जे काही उरलेत ते रोज विंडोज सुरू होण्यात घालवायचे नाहीत. सासऱ्यांचा आवाज बाहेर काढायला ते लागणार आहेत.

तुम्हाला तिघांनी तीन औषधं सांगितली. तिघांनीही लॅपटॉपचा विचार केला, आत काय आहे ते कोणी विचारलं नाही. दुकानदाराच्या फॉरमॅटने विंडोज नवं होईल, डिस्क जुनीच राहील. वर नवीन विंडोजचा वीसेक जीबीचा पसारा त्याच डिस्कवर लिहिला जाईल आणि नेमका कशावर लिहिला जाईल हे आपल्या हातात नाही. गवळणीवर लिहिला गेला तर ती कोणत्याही लॅबमधून परत येत नाही. दुकानदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. दिवसाला दहा लॅपटॉप येतात, त्यातले सात फॉरमॅटने सुधारतात, मग हाताला तीच सवय लागते. मीही चिपळुणात हेच काम करतो आणि सुरुवातीची काही वर्षं मीही हेच करायचो.

आता बिघाड कसा ओळखायचा ते सांगतो. लॅपटॉप बंद पडतो म्हणून कोणी आलं की मी पहिलं विचारतो, कधी पडतो? ‘कधीही’ असं उत्तर येतं आणि ते बहुतेक वेळा खरं नसतं. चहा पाजून नीट आठवायला लावलं की वेळ सापडते.

अंथरुणावर ठेवून वीस मिनिटं व्हिडिओ बघितला, पंखा ओरडायला लागला, तळ इस्त्रीसारखा तापला आणि निळी स्क्रीन वगैरे काही न येता फटकन काळोख झाला, तर ते गरमीचं दुखणं. पंख्याची जाळी धुळीने बुजलेली असते. आपल्याकडे तिथे धुळीखेरीज आणखीही मंडळी राहायला येतात. मुंग्या तर नेहमीच्या. एका गिऱ्हाइकाच्या यूएसबीच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं निघालं, आत अळीच्या शिदोरीसाठी भरून ठेवलेले कोळीसुद्धा होते. वायर जरा हलली की बंद, हा चार्जरचा किंवा त्याच्या पिनेचा दोष. आणि आज एक्सेलमध्ये, उद्या ब्राउझरमध्ये, परवा नुसता उघडा ठेवलेला असताना, दर वेळी निळ्या स्क्रीनवर वेगळंच नाव, काही ताळमेळ नाही, तर तिथे रॅमचा संशय घ्यावा.

तुमच्या पत्रात ताळमेळ आहे. आधी अडकतो, मग पडतो. बाण हलतो पण काही उघडत नाही. आणि एक ठरावीक फोल्डर उघडलं की हमखास. रॅमला तुमचं फोटोंचं फोल्डर ओळखता येत नाही, डिस्कला येतं. कारण ते फोटो डिस्कच्या तबकडीवर एका ठरावीक जागी लिहिलेले असतात आणि ती जागा खराब झाली की वाचणारा काटा तिथे पोचला की अडखळणार. डिस्क ती जागा वाचायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, विंडोज बिचारं ‘येईल, आता येईल’ करत ताटकळत राहतं. तेच तुमचं थिजणं. त्या खराब जागी फोटोऐवजी विंडोजचाच एखादा तुकडा असला तर वाट बघायची सोयही उरत नाही आणि निळी स्क्रीन येते. त्यावर ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ असे शब्द दिसल्याचं आठवतंय का? दिसले असतील तर डिस्कवरचा माझा संशय आणखी पक्का. पुढच्या वेळी, म्हणजे पुढची वेळ आलीच तर, निळ्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

दीर अगदीच चुकले नाहीत, हेही सांगतो. चार जीबी रॅम आजच्या कामाला अपुरी पडते. मग विंडोज न मावणारा माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत उचलतं. आजारी डिस्कला त्यामुळे दुप्पट हेलपाटे पडतात. पण टिकटिक रॅम करत नाही. रॅममध्ये हलणारं काहीच नसतं.

टिकटिकीबद्दल थोडं सविस्तर. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये आरशासारखी चकचकीत तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेत असते. काट्याचं वाचणारं डोकं तिला टेकत नाही, हवेच्या थरावर काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जातं. माणसाचा केस त्या फटीपेक्षा हजारो पटींनी जाड. जागा सापडली नाही की तो काटा मागे आपल्या घरात जातो आणि पुन्हा येतो. जाताना टिक, येताना टिक. मात्र प्रत्येक टिक ऐकून घाबरायचं कारण नाही. काम नसलं की काटा घरात जाऊन बसणं हे कित्येक लॅपटॉप डिस्कचं नेहमीचंच असतं, तेव्हाही एखादा हलका टिक येतो. तुमच्या बाबतीत आवाज एकसारखा आहे आणि सोबत थिजणंही आहे, म्हणून हा काळजीचा. चालू करताच डिस्क गरगरते, पाच-सात वेळा जोरात खटखटते आणि फिरायची थांबते, इथवर आलं तर मात्र घरगुती उपाय संपले. मग एकदाही परत चालू करायची नाही.

‘गेल्या पावसाळ्यापासून’ असं तुम्ही लिहिलंत तिथे मी थबकलो. आपल्याकडे सगळ्याचा दोष खाऱ्या हवेवर टाकायची पद्धत आहे. खारी हवा आणि दमटपणा धातूच्या पिनांना खातात हे खरं. आणि बऱ्याच जणांना वाटतं तशी साधी हार्ड डिस्क हवाबंद नसते. तिला श्वास घ्यायला गाळणी लावलेलं एक बारीक भोक असतं आणि बाजूला ‘हे भोक झाकू नका’ असं छापलेलंही असतं. पण डिस्क आठ पावसाळे पाहून थकलीय, यात समुद्राने फार काही केलं असं मला वाटत नाही. मला संशय आहे तो दोन गोष्टींचा.

एक, तुमच्या लॅपटॉपची बॅटरी जिवंत आहे का? २०१८ च्या लॅपटॉपची नसणार. आपल्याकडे बॅटरी मेली की लोक ती तशीच ठेवतात आणि लॅपटॉप थेट वायरवर चालवतात. मग पावसाळ्यात लाईट दिवसातून आठ वेळा जाते आणि आठ वेळा तो काटा लिहिता लिहिता जीव घेऊन घराकडे पळतो. चांगली बॅटरी असती तर लॅपटॉपला लाईट गेलेली कळलीही नसती. दुसरं, रेंज. ओटीवर एक कांडी, पडवीच्या टोकाला दोन, खळ्यात तुळशीपाशी तीन. चालू लॅपटॉप उचलून, झाकण उघडं, पाहुण्याच्या बुकिंगचं मेल जावं म्हणून त्याला घरभर फिरवलं जातं. करता ना? सगळेच करतात. आत ५४०० ने फिरणाऱ्या तबकडीवर ती एवढीशी फट ठेवून काटा चाललेला असतो आणि आपण उंबरा ओलांडताना त्याला हिसका देतो. त्यापेक्षा मोबाईल खळ्यात ठेवा आणि हॉटस्पॉट लावा. लॅपटॉप टेबलावरच राहू दे.

पुतण्याच्या चेकडिस्कबद्दल माझं जरा जळतंय, म्हणून मोकळेपणाने लिहितो. चेकडिस्क काय करते? सातबारा दुरुस्त करते, जमीन नाही. कुठली फाइल कुठल्या तुकड्यांत ठेवलीय याची जी नोंदवही डिस्कवर असते, ती चेकडिस्क तपासते आणि न जुळणाऱ्या नोंदी खोडून वही स्वच्छ करते. निरोगी डिस्कवर लाईट गेल्यामुळे नोंदी बिघडल्या असतील तर ती उत्तम. मरणाऱ्या डिस्कवर मात्र वाचता न आलेली नोंद म्हणजे नसलेली नोंद, असा तिचा निकाल असतो. त्यात पुतण्याने नेटवर वाचून पुढे ‘आर’ जोडला तर ती एक टीबीचा इंच न् इंच वाचायला निघते. अनेक तासांचं ते काम. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला आधी गुहागरच्या दुर्गादेवीपासून पार हेदवी गावापर्यंत पळवून आणावं, तसलं.

माझ्या मावसभावाच्या डिस्कवर मी रात्री जेवून चेकडिस्क लावली आणि झोपलो. सकाळी बघतो तर मुलीच्या बारशाचं फोल्डर नाही. त्याच्या जागी फाउंड डॉट शून्य शून्य शून्य नावाचं एक फोल्डर आणि त्यात फाइल शून्य शून्य शून्य शून्य डॉट सीएचके, पुढे एक, दोन, तीन, अशी चारशे-साडेचारशे पोरकी पिल्लं. कुठला तुकडा कुठल्या फोटोचा, पत्ता नाही. काही फोटो वरच्या अर्ध्यापर्यंत येतात, खाली राखाडी. मावसभाऊ काही बोलला नाही. वहिनी अजून अधूनमधून बोलते.

तर करायचं काय. पहिलं काम लॅपटॉपजवळ जाण्याआधीच. ही रेकॉर्डिंग आली कुठून? मोबाईलवर केलेली असणार. तो जुना मोबाईल कपाटात पडलाय का? त्याचं मेमरी कार्ड? नमन मंडळातल्या कोणी ती तेव्हा व्हॉट्सअॅपवर घेतली होती का, मुंबईतल्या कोणा चाकरमान्याला पाठवली होती का? वाडीतल्या चार जणांना आजच फोन करा. ‘फक्त याच लॅपटॉपवर’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची वस्तू दुसरीकडे कुठेतरी सापडते, हा माझा अनुभव.

दुसरं, माल उतरवायला जागा आणा. एक टीबी किंवा मोठी नवी एक्स्टर्नल डिस्क. ती हातात आल्याशिवाय जुनी सुरू करायची नाही.

तिसऱ्या कामाला पुतण्या. पोराला यात रस आहे, तर त्याला योग्य कामाला लावा. त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकटची प्रणाली, घालून आणायचं. लॅपटॉप चालू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे लागू असेल ते, दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचा आणि ‘ट्राय उबंटू’ निवडायचं, ‘इन्स्टॉल’ नाही. यात विंडोज सुरूच होत नाही, म्हणजे ती सात-आठ मिनिटांची घासाघीस वाचली. जुनी डिस्क नुसती एका बाजूला फोल्डरसारखी दिसेल. चावी मागितली तर डिस्क कुलूपबंद आहे असं समजा, ती रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन केल्यावर मिळते.

मग उचलायला सुरुवात, पण सगळं एकदम नाही. कंट्रोल ए, कंट्रोल सी करून एक टीबी ओढायला लावलंत तर पहिल्याच खराब फोटोपाशी गाडी रुतेल आणि गाण्यांची पाळी येणारच नाही. पहिली गाणी. ती मिळून दोन-तीनशे एमबी असतील, पाच मिनिटांचं काम. मग बुकिंगच्या आणि आंब्याच्या हिशोबाच्या फाइल्स. मग फोटो, तेही वर्षावर्षाचे, एकेक फोल्डर. एखाद्यापाशी अडकलं की ते सोडा, पुढचं घ्या, मागचं शेवटी बघू. कट करायचं नाही, कॉपीच. उतरवलेलं प्रत्येक गाणं तिथल्या तिथे वाजवून बघा, सुरुवात आणि शेवट दोन्ही. जुन्या मोबाईलचं रेकॉर्डिंग बऱ्याचदा एएमआर प्रकारचं असतं, ते साध्या प्लेअरमध्ये वाजेलच असं नाही, म्हणून बिघडलं समजू नका. व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये लावा.

उबंटू जमलं नाही तर डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. तिथे विंडोज विचारेल, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे, करू का?’ किंवा ‘यात चूक आहे, दुरुस्त करू का?’ इतक्या मदतीच्या सुरात विचारतं की बोट आपोआप ‘हो’वर जातं. दोन्हीला नाही म्हणा.

पुतण्या जास्त तयारीचा असेल तर त्याला सांगा, डीडीरेस्क्यू वापर. ते संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढतं. खुबी अशी की चांगली जागा आधी पटापट उचलतं, खराब जागा वगळून पुढे जातं आणि सगळं झाल्यावर मागे राहिलेल्या जागांकडे परत वळतं. कुठपर्यंत आलो त्याची वही ठेवतं, म्हणून लाईट गेली तरी तिथून पुढे चालू करता येतं. नक्कल घ्यायची डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी आणि आज्ञा देताना कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरल्या डिस्कवर लिहिली जाते. त्याला म्हणावं, एंटर मारायच्या आधी काकूला दोनदा वाचून दाखव. आणि चेकडिस्कची हौस राहिली असेल तर ती मग त्या नकलेची आणखी एक प्रत काढून तिच्यावर खुशाल फेडावी.

गाणी यातल्या कशानेच आली नाहीत, किंवा मघाशी सांगितलेला जोराचा खटखटाट सुरू झाला, तर थांबा. मुंबई-पुण्यात डेटा रिकव्हरीच्या लॅब आहेत, ते धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात. खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो. तपासणीचे किती आणि काही निघालं नाही तर किती, हे आधी लेखी घ्या. नेण्याआधी डिस्कशी जितकं कमी खेळाल तितकी आशा जास्त. फ्रीजरमध्ये ठेवायची युक्ती कोणीतरी सांगेलच. आपल्या हवेत फ्रीजरमधून काढलेल्या डब्यावर जसं पाणी सुटतं तसंच तिच्यावरही सुटेल. घरी झाकण उघडू नका, तांदळात ठेवू नका.

गाणी हाती आली की मग निदानाचा राहिलेला भाग निवांत करा. उबंटूतच ‘डिस्क्स’ नावाचं अॅप आहे, त्यात ‘स्मार्ट’ म्हणून डिस्कची स्वतःची प्रकृतीची वही दिसते. विंडोजमध्ये हेच क्रिस्टलडिस्कइन्फो दाखवतं, निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे गेलं. रंगापेक्षा तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब निघून बदलून दिलेल्या जागा. सी५ म्हणजे वाचता येत नाहीयेत आणि निकालाची वाट बघतायत अशा जागा. सी६ म्हणजे ज्यांचा नाद सोडलाय त्या. तिन्ही शून्य हवेत. ०५ समोर थोडा आकडा आहे आणि महिनोन् महिने तेवढाच आहे, तर काही डिस्क तशाही चालतात. आठवड्यात वाढला तर नाही. सी५ वाढत असेल तर काही बघायलाच नको. सी७ नावाची ओळ वाढत असेल तर मात्र दोष डिस्कचा नसून जोडणीचा, म्हणजे पिनांचा असू शकतो. खारी हवा इथे उपयोगी पडते, दोष द्यायला.

आणि निळा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. गुगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. उलट, तपासणीत वाचनाची पहिली चूक सापडली की ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत मरण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे वही कोरी असली तरी भरवसा नाही, वहीत लिहिलेलं असलं तर मात्र विश्वास ठेवायचा.

विंडोज आपल्या घडामोडींची नोंद ठेवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही खुणा असतात. ‘डिस्क’ या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी रांगेने दिसल्या तर तीच कथा. ४१ क्रमांकाची ‘कर्नल पॉवर’ लाल खुणेसह दिसते आणि लोक तिचाच फोटो मला पाठवतात. तिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता. ते तुम्हाला माहीतच आहे.

डिस्कच गेली असं ठरलं, आणि मला तसंच वाटतंय, तर नवी हार्ड डिस्क घेऊ नका. अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, घ्या. तुमच्या जुन्या डिस्कच्या जागी तीच बसते, हलणारं काही नाही, खळ्यात नेली तरी चालेल. सात-आठ मिनिटांचं सुरू होणं अर्ध्या मिनिटावर येईल आणि दिरांचं मन राखायला चार जीबी रॅम वाढवून घ्या, स्लॉट मोकळा असेल तर. सोबत बॅटरी. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. २०१८ ला विकलेल्या कित्येक लॅपटॉपमध्ये सहावी-सातवी पिढी होती, तेव्हा सेटिंगमध्ये ‘अबाउट’मध्ये प्रोसेसरचं नाव बघून मगच पैसे ओता. मॉडेल नंबरात आयथ्रीनंतर ८ आला तर चांगलं, ६ किंवा ७ आला तर बुकिंग-मेलच्या कामाला उबंटूसारखंच लिनक्स मिंट पुरतं. एसएसडीचा एकच दुर्गुण सांगून ठेवतो. ती जाताना टिकटिक करत नाही. काल होती, आज नाही.

म्हणून दुसरी प्रत, आणि ती त्याच घरात नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे घरांची कौलं गेली, पेट्या-कपाटं भिजली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आमच्या चिपळुणात शिरली. त्यानंतर महिनाभर माझ्याकडे चिखलात बुडालेल्या डिस्क येत होत्या, मूळ आणि बॅकअप एकाच कपाटातल्या, हातात हात घालून बुडालेल्या. बहुतेकांनी त्या उन्हात वाळवून, लावून बघून मग आणल्या होत्या. भिजलेली डिस्क वाळवायची नाही आणि लावून बघायची तर नाहीच. ओली तशी पिशवीत बंद करून लॅबला द्यायची, चिखल वाळला की तबकडीला धरतो.

तुमच्यासाठी सोपी तजवीज अशी. गाणी थोड्या एमबींची आहेत, ती गुगलच्या खात्यात फुकटच्या १५ जीबीत सहज मावतील. खळ्यात रेंज असेल तेव्हा चढवा. फोटोंसाठी एकसारख्या दोन डिस्क. एक तुमच्याकडे, एक मुंबईच्या भावजयीकडे. गणपतीला येताना ती आपली घेऊन येईल, तुमची नेईल. शिमग्याला पुन्हा अदलाबदल. वर्षातून दोनदा बॅकअप होतो आणि कोणाला वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, चाकरमानी गणपती चुकवत नाही. घरातली डिस्क पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या दोन टाकून. डब्यावर नाव घाला, नाहीतर आत पापड समजून कोणीतरी तळायला काढेल.

एसएसडी त्या तालुक्याच्या दुकानातच बसवून घ्या, ८०० रुपये त्या कामाला रास्त आहेत. फक्त जुनी डिस्क तिथे सोडू नका, ‘काय करणार तिचं’ म्हणाले तरी हातात परत घ्या. होमस्टे म्हणजे पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो तिच्यात असणारच. आणि ती आजारी आहे म्हणजे रिकामी आहे असं नाही, तुम्हाला जे उघडत नाही ते दुसऱ्याला उघडू शकतं. एकही गाणं राहिलं असेल तर तिला चिठ्ठी लावून जपून ठेवा, लॅबला लागेल. सगळं आलं असेल तर वाडीतल्या सुताराकडून ड्रिलने तिला आरपार तीन भोकं पाडून घ्या. काही लॅपटॉप डिस्कची तबकडी काचेची असते आणि भोक पाडताना तिचा चुरा उडतो, तेव्हा त्याला म्हणावं, डोळ्याला चष्मा लाव आणि गोणपाटात धर.